भिंतीवर कुणाचा फोटो?

दरसाल यादी निघते. सालातला सर्वात चांगला सिनेमा अमुक, दोन नंबरला तमुक, दहाव्याला ढमुक. सरकार यादी काढतं, पेपरवाले काढतात, समीक्षकांची मंडळं काढतात, परदेशातल्या अकादम्या काढतात. यादी निघाली की आपल्या वस्त्यांतूनही विचारणा सुरू होते – आपलं कुणी आहे का रे त्यात? असलं तर पेढे, नसलं तर शिव्या. पेढे वाटणारा आणि शिव्या देणारा, दोघांनीही एक गोष्ट मात्र मुकाट्यानं मान्य केलेली असते. ती ही की, यादी काढणाऱ्याला यादी काढायचा हक्क आहे.

मला प्रश्न पडतो तो इथंच. हा हक्क त्याला दिला कुणी? सिनेमे म्हणजे काही शर्यतीतली पोरं नव्हेत, की ज्याची छाती दोरीला आधी लागली तो पहिला. मग पहिला-दुसरा लावायचा कशावरून? आणि ज्यांना जन्माच्या आधीच शेवटचा नंबर देऊन ठेवला होता त्या आपण या नंबरांच्या खेळाकडं बघायचं कसं? जिंकायला उतरायचं, का खेळच मोडायचा?

दोस्तांनो, हवेत बोलून उपयोग नाही. एक देश घेऊ, एक साल घेऊ. देश अमेरिका, साल १९८९. आपलं सोडून अमेरिका कशाला, असं कुणी म्हणेल. तर १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते तिथल्या काळ्यांच्या पँथरवरूनच. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी द्यु बॉइस या काळ्या विद्वानाला पत्र लिहिलं होतं आणि काळ्यांनी युनोकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. नातं जुनं आहे. शिवाय दुसऱ्याच्या घरातली उतरंड लांबून नीट दिसते. ती एकदा बघितली की आपल्या घरातली ओळखायला सोपी जाते.

तर १९८९ सालच्या सिनेमांच्या याद्या बघा. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांच्या मंडळानं सर्वोत्तम ठरवला 'डू द राइट थिंग'. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी 'माय लेफ्ट फूट'. समीक्षकांच्या राष्ट्रीय सोसायटीनं 'ड्रगस्टोअर काउबॉय'. नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू नावाची जुनी संस्था आहे, तिनं 'ड्रायव्हिंग मिस डेझी'. तिकडं फ्रान्सात कानच्या महोत्सवात पहिलं बक्षीस गेलं 'सेक्स, लाइज अँड व्हिडिओटेप'ला. म्हणजे पाच पंच आणि पाच पहिले! एकाच तापाला पाच थर्मामीटरांनी पाच आकडे दाखवले तर आपण ती थर्मामीटरं गटारात फेकू. इथं मात्र कुणालाच लाज वाटली नाही. प्रत्येकानं आपापला पहिला नंबर छातीठोकपणे जाहीर केला, आणि लोकांनीही तो बातमी म्हणून वाचला.

यातून पहिली गोष्ट कळते. यादी हे माप नव्हे, यादी म्हणजे मतदान. मतदानाला माझी हरकत नाही. पण मग तसं म्हणा. 'सालातला सर्वोत्तम सिनेमा' म्हणू नका, 'आम्हा इतक्या जणांना सर्वात आवडलेला सिनेमा' म्हणा. आणि हे 'आम्ही' म्हणजे कोण, तेही सांगा. सगळी गोम त्या 'आम्ही'त आहे.

आता यातला एक सिनेमा जवळून बघू. 'डू द राइट थिंग' हा स्पाइक ली या काळ्या दिग्दर्शकाचा सिनेमा. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची काळ्यांची वस्ती, उन्हाळ्यातला अंग भाजून काढणारा एक दिवस, एक रस्ता. रस्त्याच्या कोपऱ्यावर साल नावाच्या इटालियन वंशाच्या माणसाचं पिझ्झाचं दुकान. दुकानात एक भिंत आहे. त्या भिंतीवर नामवंतांचे फोटो लावलेत – सिनात्रा, डी नीरो, पचिनो. सगळे इटालियन वंशाचे. आणि दुकानात खायला येणारे? जवळजवळ सगळे काळे. बगिन आउट नावाचा एक काळा पोरगा खाता खाता वर बघतो आणि विचारतो, या भिंतीवर एकही काळा का नाही?

मित्रांनो, ही भिंत म्हणजेच यादी आहे. सर्वोत्तमांची यादी! त्या वर्षीच्या सगळ्या याद्यांत जो सिनेमा फिरत होता, तो सिनेमाच मुळात यादीवर काढलेला आहे. भिंतीवर फोटो कुणाचा, एवढ्या एका प्रश्नावरून त्या रस्त्यावर पुढं माणूस मरतो.

साल काय म्हणतो? दुकान माझं, भिंत माझी. तुझं स्वतःचं दुकान काढ आणि तिथं तुला पाहिजे ते फोटो लाव. बगिन आउट म्हणतो, इथं खातो कोण? आम्ही. गल्ला भरतो कोण? आम्ही. मग भिंतीवर आमचा माणूस का नको?

हे भांडण फोटोचं वाटतं, पण खाली जुना प्रश्न आहे. एखादी गोष्ट कुणाची? जिच्यावर ज्याचं नाव लागलंय त्याची, का ज्यांच्या पैशावर आणि घामावर ती उभी आहे त्यांची? सालचा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर आपली माणसं पाणी प्यायली, तेव्हा सवर्णांनी कोर्टात काय सांगितलं? तळं खाजगी मालकीचं आहे! दुकान माझं, भिंत माझी – अगदी तेच. तो निकाल हायकोर्टातून आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं.

कुणी म्हणेल, पाणी जिवाला लागतं, फोटो कशाला लागतो? बरोबर. पण महाडलाही प्रश्न नुसत्या तहानेचा नव्हता. त्या पाण्यावाचून आपले लोक मेले नव्हते. आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे ठरवून घ्यायचं होतं. भिंतीवरच्या फोटोचंही तसंच. मान वर करून कुणाकडं बघायचं, हे भिंत शिकवते. रोज त्या भिंतीखाली बसून खाणाऱ्या पोराला भिंत न बोलता सांगत असते – मोठं होणारी माणसं तुझ्यातली नसतात.

पुढची गोष्ट अशी. रात्री दुकानात भांडण पेटतं. साल बॅट घेऊन रेडिओ रहीम नावाच्या पोराचा मोठा रेडिओ फोडतो. मारामारी होते, पोलीस येतात. पोलीस दांडक्यानं रेडिओ रहीमचा गळा आवळतात आणि तो मरतो. मग दुकानात डिलिव्हरीचं काम करणारा मुकी – हे काम खुद्द स्पाइक लीनं केलंय – कचऱ्याचा डबा उचलतो आणि दुकानाच्या काचेवर फेकतो. दुकान जळतं.

त्या वेळी काही गोऱ्या समीक्षकांनी चक्क छापून लिहिलं की हा सिनेमा बघून काळी पोरं दंगल करतील. सिनेमा लागला, पोरांनी बघितला, दंगल कुठंच झाली नाही. स्पाइक लीनं नंतर बोट ठेवलं ते दुसऱ्याच ठिकाणी. मुकीनं काच फोडली ते योग्य का अयोग्य, हे त्याला विचारत आले ते गोरे लोक. काच आणि माणूस या दोन्हींत तुम्ही आधी कशावर बोलता, त्यावरून तुम्ही कोण ते कळतं. आणि २०१४ साली न्यूयॉर्कमध्येच एरिक गार्नर या काळ्या माणसाचा पोलिसानं असाच गळा आवळला आणि तो मेला. म्हणजे पंचवीस वर्षं सिनेमा खरंच सांगत होता.

आता ऑस्करची भिंत बघू. २६ मार्च १९९० ला १९८९ सालच्या सिनेमांची ऑस्कर वाटली. सर्वोत्तम सिनेमासाठी पाच नावं होती. त्यात 'डू द राइट थिंग' नव्हताच. पाचात कुठंही नाही! त्याला दोनच नामांकनं मिळाली. एक पटकथेचं. दुसरं अभिनयाचं, आणि ते कुणाला? डॅनी आयेलोला, म्हणजे सालचं काम करणाऱ्या गोऱ्या नटाला. अख्खा सिनेमा विचारतो की भिंतीवर काळा का नाही, आणि त्या सिनेमातून भिंतीवर लावायला अकादमीनं नट उचलला तो भिंतीच्या मालकाचं काम करणारा! असं कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, लेका, फार जुळवून आणलंस.

त्या रात्री पहिला नंबर गेला 'ड्रायव्हिंग मिस डेझी'ला. अटलांटातली एक म्हातारी श्रीमंत ज्यू बाई आणि तिची गाडी चालवणारा काळा ड्रायव्हर होक. पंचवीस वर्षांत दोघांत माया जडते. मी हा सिनेमाही बघितला. वाईट नाही. मॉर्गन फ्रीमननं होकचं काम जीव ओतून केलंय. पण त्या कथेत काळ्या माणसाचा चांगुलपणा कशानं मोजतात? तो किती वर्षं सोसतो, यानं. सोसणारा होक भिंतीवर चालतो, काच फोडणारा मुकी चालत नाही. आपल्याकडंही इमानी गडी, गरीब पण गोड म्हातारी, धन्यासाठी डोळ्यांतून पाणी काढणारा अस्पृश्य, हे कथेकादंबरीत आधीपासून चालत आलंय. तोंड उघडणारा आला की लगेच म्हणतात, यात कलात्मक संयम नाही.

हे १९९० ला आभाळातून पडलेलं नाही. १९४० साली 'गॉन विथ द विंड'मधल्या मोलकरणीच्या कामासाठी हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली काळी व्यक्ती. तिचा बाप गुलामगिरीत जन्मलेला. समारंभ लॉस एंजेलिसच्या ज्या हॉटेलात होता तिथं काळ्यांना प्रवेश नव्हता. निर्मात्यानं शब्द टाकला म्हणून तिला आत घेतलं, आणि बसवलं कुठं? सिनेमातल्या इतर मंडळींपासून वेगळं, भिंतीकडच्या एका टेबलावर. बक्षीस हातात, पंगत वेगळी. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. १९५२ साली ती वारली. हॉलिवूडच्या दफनभूमीत पुरावं अशी तिची इच्छा होती. काळी म्हणून जागा नाकारली. मसणवटा वेगळा, हेही आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आणि ही अकादमी मुळात निघाली कशी? १९२७ साली. मेट्रो-गोल्डविन-मेयर या मोठ्या स्टुडिओचा कारभारी लुई मेयर याच्या डोक्यातली ती कल्पना. स्टुडिओतले कामगार युनियन करायला लागले होते. नटांनी, लेखकांनी तरी युनियन करू नये, भांडणं मालकांच्या सोयीनं घरातल्या घरात मिटावीत, हा हेतू. बक्षिसं मागाहून आली. गिरणीतल्या माणसाला ही चाल लगेच कळते. पगारवाढ मागायला गेलात तर 'उत्कृष्ट कामगार' म्हणून एकाच्या गळ्यात हार घालतात, फोटो काढतात, आणि बाकीच्यांना म्हणतात, बघा, याच्यासारखं वागा. पण सगळे गळ्यात हार घालून घेत नाहीत. १९३६ साली डडली निकल्स या पटकथालेखकाला ऑस्कर जाहीर झालं तेव्हा लेखकांच्या संघटनेचं अकादमीशी भांडण चालू होतं. त्यानं बक्षीस घ्यायला नकार दिला. संघटना मोठी, बक्षीस लहान! हे नाव पाठ करून ठेवा.

आता त्या 'आम्ही'कडं येऊ. १९९० साली पाच नावांवर शिक्का मारायचा आणि ज्याला जास्त मतं तो पहिला, अशी पद्धत होती. पाच जणांत मतं वाटली गेली तर शंभरातल्या एकवीस मतांवरही माणूस जगातला सर्वोत्तम ठरू शकतो. खरी किती पडली? कुणाला माहीत नाही, कारण मतांचे आकडे अकादमी जाहीरच करत नाही. साधी ग्रामपंचायतीची निवडणूक घ्या, हरलेल्याला किती मतं पडली ते फळ्यावर लागतं. आणि मत देणारे कोण? तेही कुणी सांगत नव्हतं. २०१२ साली लॉस एंजेलिस टाइम्सनं शोधून काढलं – अकादमीच्या मतदारांत ९४ टक्के गोरे आणि ७७ टक्के पुरुष. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्यांना गेली. तेव्हा बोंबाबोंब झाली, आणि मगच अकादमीनं नवे सभासद घ्यायचं मनावर घेतलं. बोंब मारल्याशिवाय तिथंही दार उघडत नाही.

मी कापडाच्या गिरणीत आहे, तपासायच्या टेबलावर. प्रतवारी लावणं हेच माझं पोटापाण्याचं काम. तेव्हा प्रतवारीच मुळात पाप आहे, असं मी म्हणणार नाही. कापड दिव्याखालून सरकत येतं. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, जाड-बारीक पट्टी, जे दिसेल त्याला गुण द्यायचे. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्याच्यावर चार. गुण जास्त तितकं कापड वाईट. शेवटी ठरतं, हे फ्रेश, हे सेकंड, हे फेंट, ही चिंधी. पण प्रत्येक दोषाजवळ मी खूण करतो. कुणी म्हणालं, तुझा हिशेब चुकलाय, तर ताका परत टेबलावर घेता येतो. दुसरा माणूस तोच दोष मोजतो आणि आकडा जवळपास तोच येतो. आणि महत्त्वाचं म्हणजे कापड कुणी विणलं हे मला माहीत नसतं. विचारायचं कारणही नसतं.

ही एक प्रतवारी. दुसरी प्रतवारी म्हणजे उतरंड. तिच्यात खूण नसते, दोष दाखवायचा नसतो, ताका परत टेबलावर येत नसतो. वरचं मडकं वर का, तर ते वर आहे म्हणून! कारण न देता लावलेला नंबर आणि जन्मावरून लावलेला नंबर, हे सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही 'का?' असं विचारलेलं खपत नाही.

सिनेमा काही कापड नव्हे. त्यातले दोष इंचांत मोजता येत नाहीत, हे मला कळतं. म्हणूनच तर सिनेमावर निकाल देणाऱ्यानं जास्त खुणा करायला पाहिजेत. कमी नाही! जिथं फूटपट्टी चालत नाही तिथं माणसाचा शब्द चालतो, आणि शब्द द्यायचा तर कारणासकट द्यायचा. आकडा फेकून पळायचं नाही.

पण प्रतवारीच्याही आधी एक गोष्ट असते. दार. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत विणकाम खात्याला पगार चांगला होता. त्या खात्यात आपल्या माणसांना शिरू देत नसत. का? तर धोट्यातली कांडी बदलली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला बाकीचे तोंड कसं लावणार? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. आता समजा, त्या काळी कुणी मुंबईतल्या दहा सर्वोत्तम विणकरांची यादी केली असती. पंच अगदी इमानदार, डोळ्यांवर पट्टी बांधून नुसतं कापड हातानं तपासणारे. तरी त्या दहांत आपला एकही नसता. आणि मग कुणीतरी शांतपणे म्हणालं असतं, काय करणार, त्यांच्यात विणकामाचा गुणच नाही.

सिनेमाचं तेच आहे. सिनेमाला पैसा लागतो, कॅमेरा लागतो, ओळख लागते, शिकायला वर्षं लागतात, आणि तोवर घरची चूल पेटती ठेवणारं कुणी लागतं. दारातच किती जण गळाले ते यादीत दिसत नाही. म्हणून 'गुणवत्तेनुसार' हा शब्द ऐकला की मी आधी दार बघतो. गुणवत्तेचं हे गाणं आपल्याला राखीव जागांच्या वेळी किती वेळा ऐकवलंय!

इथं कुणी पोरगा उठून म्हणेल, मग यादीबिदी सगळी बकवास. ज्याला जे आवडेल ते त्यानं बघावं, चांगलं-वाईट असं काही नसतंच. दोस्ता, हे बोलणं ऐकायला क्रांतिकारक आहे, पण ते मालकाच्या फायद्याचं आहे. चांगलं-वाईट नसतंच म्हटलं की अन्याय दाखवणारा सिनेमा आणि अन्यायाला रंगरंगोटी करणारा सिनेमा एकाच पायरीवर येतात. मग ज्याच्याकडं पैसा आणि थिएटर, त्याचाच सिनेमा चालणार. निवाडा सोडून देणं आपल्याला परवडत नाही. खोट्या निवाड्याला उत्तर खरा निवाडा हेच आहे.

आणि तो होऊ शकतो. १९८९ सालीच झाला. लॉस एंजेलिसचे समीक्षक काही काळे नव्हते, तरी त्यांनी 'डू द राइट थिंग'ला पहिला म्हटलं. टीव्हीवर सिनेमांवर बोलणारे सिस्केल आणि ईबर्ट हे दोघं गोरे, एरवी एकमेकांशी भांडणारे. त्या दोघांनीही सालाच्या यादीत तोच वर ठेवला, आणि का ठेवला ते नाव-चेहऱ्यासकट सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणजे जन्मानं माणूस आंधळा ठरत नाही. डोळे उघडता येतात. ज्यांनी उघडले नाहीत त्यांना जन्माची सबब देऊन सोडायचं कारण नाही.

पुढं काय झालं तेही बघा. १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत, जपून ठेवायच्या सिनेमांत, तो सिनेमा घेतला गेला. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांची मतं घेऊन सर्वकाळचे थोर सिनेमे ठरवतं. २०१२ च्या त्यांच्या पहिल्या शंभरात 'डू द राइट थिंग' नव्हता. २०२२ ला तो २४ वा आला. त्याच वेळी एका बाईनं काढलेला सिनेमा, शांताल अकेरमानचा 'जान डीलमन', त्या यादीत पहिल्यांदाच पहिला आला. एका घरात घरकाम करणाऱ्या बाईचे तीन दिवस दाखवणारा हा सिनेमा निघाला होता १९७५ साली. दहा वर्षांत सिनेमे बदलले? एक चौकटसुद्धा बदलली नाही. मत देणारे मात्र ८४६ चे १६३९ झाले. दार थोडं रुंद केलं आणि अख्खी यादी हलली! यादी सिनेमाबद्दल थोडं आणि यादीकारांबद्दल पुष्कळ सांगते, याला याहून मोठा पुरावा मला नको.

ऑस्करचं म्हणाल तर २०१९ साली स्पाइक लीला पहिल्यांदा स्पर्धेतलं ऑस्कर मिळालं, 'ब्लॅकक्लॅन्समन'च्या पटकथेसाठी. त्याच रात्री सर्वोत्तम सिनेमा कोणता? 'ग्रीन बुक'. त्यातही गाडी आहे, एक काळा आहे, एक गोरा आहे आणि दोघांत माया जडते. या खेपेला ड्रायव्हर गोरा. तीस वर्षांत सीट बदलली, गाडी तीच.

आता सालचं म्हणणं परत घेऊ. तुझं दुकान काढ आणि तुझी भिंत सजव. अर्धं म्हणणं खरं आहे. आपली माणसं दुसऱ्याच्या भिंतीकडं बघत बसली नाहीत, त्यांनी आपली नियतकालिकं काढली, आपले निकष मांडले. अर्धं म्हणणं मात्र लबाडीचं आहे. कारण सरकारी पुरस्काराची भिंत सालच्या बापाची नाही. ती आपल्या करातून उभी आहे, तिथं आपला हक्कच आहे. आपली भिंत बांधायची आणि त्या भिंतीवरचाही हक्क सोडायचा नाही. दोन्ही.

पण आपली भिंत बांधताना आपणच साल होणार नाही, याची हमी कुठं आहे? आपल्या संमेलनांतून, आपल्या स्पर्धांतून, 'दहा श्रेष्ठ दलित सिनेमे' अशा आपल्या याद्यांतून कोण दिसतं? बाया किती? पुरुषांनी पुरुषांना दिलेले हार किती? आपल्याहून खाली ढकललेल्या जातीतली, भटक्या-विमुक्तांची पोरं किती? बगिन आउट उद्या आपल्या दारात येऊन वर बघेल आणि तोच प्रश्न विचारेल. तेव्हा आपण 'दुकान आमचं' म्हणणार, का खुर्ची पुढं करणार?

आणि वरचा नंबर मिळाला म्हणजे न्याय मिळाला, असं समजणारांनी जरा थांबावं. २०१५ साली 'कोर्ट'ला सर्वोत्तम सिनेमाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्यात नारायण कांबळे नावाचा लोकशाहीर आहे. त्याच्या गाण्यामुळं सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्याला कोर्टात खेचतात. ते काम नागपूरच्या वीरा साथीदारांनी केलं, आपल्या चळवळीतल्या माणसानं. सुवर्णकमळ दिलं गेलं तेव्हा याच महाराष्ट्रात खरेखुरे शाहीर खटला चालू असताना तुरुंगात होते. पडद्यावरच्या शाहिराला कमळ, रस्त्यावरच्या शाहिराला कोठडी. पारितोषिक खोटं नव्हतं, सिनेमा त्या लायकीचा होताच. पण बक्षीस हा न्याय नव्हे. बक्षिसानं एका संध्याकाळपुरतं दार किलकिलं होतं. ते उघडं ठेवायचं काम आपलंच.

म्हणून पुढची यादी निघेल तेव्हा पेढे आणि शिव्या दोन्ही जरा बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. दारातून आत कुणाला येऊ दिलं? निकाल द्यायला कोण बसलं? आणि खूण कुठं आहे, म्हणजे हा वर का आणि तो खाली का, हे कुणी लिहून सही केली आहे का? तिन्हींची उत्तरं मिळाली तर ती यादी वाचा, तिच्याशी भांडा, तिच्यातून शिका. एकाचंही मिळालं नाही तर ती उतरंड आहे असं समजा. तिच्या टोकावर आपलं मडकं ठेवलं तरी नाचू नका. खालची मडकी कुणाची आहेत ते बघा.

नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त डुक्कर खांद्यावर टाकून पोरगा चालतो आणि मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. फोटो भिंतीवर पोचला, पण खांद्यावरचं ओझं उतरलं नाही. स्पाइक लीच्या सिनेमात दुकान जळत असताना स्माइली नावाचा तोतरा पोरगा आत जातो आणि मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स यांचा फोटो त्या भिंतीवर लावतो. फोटो लागतो तेव्हा भिंत जळत असते. भिंत शाबूत आहे, पोरगा जिवंत आहे आणि तरी फोटो वर आहे, असं आपल्याला घडवायचंय. ते कुठल्याच पंचाच्या हातात नाही.

जयभीम.